निशिगाकीसानची किंकाळी

शाळेत हजेरी घेताना योशिहारु निशिगाकी रोज "हजर" म्हणायचा, तरी चौथीच्या प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे एकतीस गैरहजेऱ्या लागल्या. त्यातल्या चार खऱ्या होत्या, गोवराच्या. बाकीचे सत्तावीस दिवस तो दुसऱ्या रांगेत शहाण्यासारखा बसलेला होता. त्याचं "हजर" तेवढं गुरुजींच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

असा आवाज घेऊन माणसानं कुठंही जन्मावं, ओसाकात जन्मू नये. तिथं मासळीवाला ओरडतो, गिऱ्हाईक त्याच्याहून मोठ्यानं ओरडतं, आणि दोघंही भांडत नसतात, नुसती खुशाली विचारत असतात. निशिगाकीनं खानावळीत मागवलेला पदार्थ कधी त्याच्या पुढ्यात आला नाही. दुसऱ्या कुणाचा तरी चुकून यायचा, तो हा मुकाट्यानं खायचा. लग्न ठरवण्याच्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी दोनदा विचारलं, "मुलगी पसंत आहे का?" आणि दोन्ही वेळा यानं "हो" म्हटलेलं त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही. शेवटी मुलगीच, सुमिए, म्हणाली, "हो म्हणतायत ते. ओठ हलले." पुढच्या संसारात नवऱ्याच्या वतीनं बोलायचं काम तिनं जे घेतलं ते सोडलं नाही.

पूर्व ओसाकात एका स्क्रूच्या कारखान्याच्या माडीवर दोई नावाच्या गृहस्थांची कंपनी होती. दोईंनी आधी गोळ्या-बिस्किटं टाकणाऱ्या यंत्रांची नाण्याची फट बनवली, मग जुगाराच्या यंत्रांचे दांडे, आणि पोरं व्हिडिओ गेमवर तुटून पडायला लागल्यावर, "आपणही हे करू, फट तर आपल्याला येतेच," म्हणून गेम बनवायला घेतले. निशिगाकी तिथं भांडार सांभाळायचा. ट्यूबलाइट, चहापत्ती, सपाता, संडासातले कागद, सोल्डरची तार. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे ते त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं, ऐकू मात्र कुणाला आलं नसतं.

एकोणीसशे शहाऐंशीच्या वसंतात 'फौलादी पलटण' पुरी होत आली होती. एकटा जवान हातात बंदूक घेऊन पडद्याच्या खालून वर चालत जातो, करड्या गणवेशातले शत्रू चारी बाजूंनी धावून येतात, तो गोळ्या घालतो, बॉम्ब फेकतो, बांबूच्या पिंजऱ्यातले कैदी सोडवतो आणि शेवटी एक घराएवढा रणगाडा फोडतो. चित्रं झकास उतरली होती. पण शत्रू मेला की 'पुक्' असा आवाज व्हायचा.

दोईसाहेबांनी तो ऐकला आणि कपाळावर हात मारला. "हा माणूस मेला की बाटलीचं बूच निघालं?"

आवाजाचं काम पाहणारा इवासा चोवीस वर्षांचा होता, आठवड्यातून तीन दिवस कार्यालयातच झोपायचा. तो म्हणाला, "माणसाचा खरा आवाज घालता येईल साहेब. पण चिपमध्ये जागा आहे अर्ध्या सेकंदाची."

"मग अर्ध्या सेकंदात मरता येत नाही का?"

"येतं. तसा मरणारा मिळाला पाहिजे."

पहिल्यांदा दोईसाहेब स्वतः मेले. ऐकणाऱ्याला वाटलं, दुकानात सूट जाहीर झाली. मग तलवारबाजीची नाटकं करणाऱ्या मंडळीतला एक नट आणला. त्यानं छातीला हात लावला, एक पाऊल मागं टाकलं, आकाशाकडे पाहिलं, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात इवासा म्हणाला, "दादा, जागा संपली." नटाला राग आला. "तीस वर्षं मरतोय मी रंगमंचावर! आजवर कुणी मला घाई केली नाही." त्याला जेवू घालून परत पाठवला. हिशेबनीस बाई ओरडल्या तेव्हा खालच्या कारखान्यातले दोघे धावत वर आले, कुणाचा हात यंत्रात सापडला म्हणून. तो आवाज चांगला होता, पण पलटणीत एकही बाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे वैतागून बसले असताना निशिगाकी ताकोयाकीचे पुडे घेऊन आला. आपल्या आप्पेपात्रासारख्याच तव्यात भाजलेले ते ऑक्टोपसचे गोळे. वरून गार दिसतात, आत लाव्हा असतो. ओसाकाचं शेंबडं पोरसुद्धा ते आधी फोडतं, फुंकतं, मग खातं. निशिगाकीलाही हे ठाऊक होतं. त्यानं नुसता एक काडीला टोचून तोंडाजवळ धरला होता. तेवढ्यात दोईसाहेबांनी हाक मारली, "निशिगाकी! त्या नव्या सपाता आल्या का रे?"

मालकानं विचारल्यावर हातात काडी धरून उभं राहणं बरं दिसेना. त्यानं गोळा तोंडात टाकला, एकदाच चावला, आणि "आल्या" म्हणायला तोंड उघडलं.

"हुवाऽप्!"

खोलीतल्या कुणीही त्याच्या तोंडून एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यालाही तो नवाच होता. तो डोळ्यांत पाणी आणून तीनदा वाकला, सगळ्यांची माफी मागितली आणि नळाकडे पळाला. त्यामुळे मागं इवासा ध्वनिमुद्रकाकडे बघत काय म्हणाला ते त्याला कळलं नाही. इवासा म्हणाला, "चालू होतं."

दीड महिन्यानं फुसे बाजाराच्या छपराखालच्या खेळघरात पहिलं यंत्र चाचणीसाठी ठेवलं. गिऱ्हाईक नाणी टाकतं की नाही, ते कोपऱ्यात उभं राहून पाहायचं अशी पद्धत. निशिगाकी तिथं राखदाण्या पोचवायला गेला होता. आत शिरला आणि कुठूनतरी "हुवाऽप्!" ऐकू आलं. 'अरेरे, भाजलं बिचाऱ्याला,' असं त्याच्या मनात आलं. मग पुन्हा आलं. मग एका दमात सात वेळा. एवढं भाजल्यावर माणूस खाणं थांबवतो. तो यंत्राजवळ गेला. करड्या गणवेशातला एक शिपाई गोळी लागून उडाला आणि निशिगाकीच्या आवाजात मेला. त्याच्यामागून दुसरा. हातातल्या राखदाण्या घेऊन तो तसाच कंपनीत परत आला.

"इवासा, तो आवाज... माझा का?"

"काय?"

"आवाज. माझा का?"

"जरा मोठ्यानं, निशिगाकीसान."

चौथ्या खेपेला इवासाला ऐकू आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "सांगणार होतो तुम्हाला. म्हणजे असं आहे, आवाजाचा वेग वाढवला की तुम्ही शिपाई. कमी केला की सुभेदार. अगदीच कमी केला की रणगाडा फुटतो, तोही तुम्हीच."

"आणि आपला जवान? तो मेला तर?"

"तोही तुम्हीच. जागाच नव्हती हो."

"म्हणजे दोन्हीकडून मीच?"

"घरातल्या घरात भांडण म्हणायचं," इवासा म्हणाला आणि त्याला चहा करून दिला.

निशिगाकीला राग आला नव्हता, लाज वाटत होती. आपण इतक्या मोठ्यानं, तेही परक्यांच्या देखत, ओरडतोय, आणि आता हे थांबवताही येत नाही. त्यानं घरी सांगितलं ते आठवड्यानं. सुमिए कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला आधी खोटंच वाटलं. दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेलेली बाई तासभर उशिरा आली, पिशवीतला कोबी तसाच बाजूला ठेवला आणि नवऱ्यासमोर बसली.

"अहो, अकरा वर्षं झाली लग्नाला. हा आवाज होता तर एवढे दिवस ठेवला कुठं होता?"

"तो... गरम होतं म्हणून."

"माझ्या हातचं कधी गरम नसतं का?"

त्या दिवसापासून सुमिएला त्या गेमचा नाद लागला. खेळघरात त्या काळी बाईमाणूस फिरकत नसे. सिगारेटचा धूर आणि शाळा बुडवलेली पोरं. ही भाजीची पिशवी गुडघ्यांत धरून स्टुलावर बसायची, पन्नास येनचं नाणं टाकायची आणि भराभर गोळ्या घालायची. पोरं आधी हसली, मग तिच्या मागं उभी राहायला लागली. ती त्यांना ओसाकातल्या समस्त मावशांप्रमाणे पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या वाटायची आणि सांगायची, "तो मेला ना, तो माझा नवरा. हा आला, हाही माझाच." एका शिपायाचे शंभर गुण, म्हणजे आकडेमोड सोपी. संध्याकाळी निशिगाकी जेवायला बसला की भात वाढता वाढता ती सांगे, "आज तुम्हाला दोनशे सोळा वेळा मारून आले. अंग कसं हलकं वाटतंय."

निशिगाकी म्हणायचा, "दमली असशील."

घरात निशिगाकीचे वडील होते. तोकुमात्सु, वय अडुसष्ट, जोडे दुरुस्त करायचे. चार वर्षं लढाईत आणि तीन वर्षं सैबेरियाच्या छावणीत काढून आलेला माणूस, पण त्यावर घरात कधी एक अक्षर नाही. सुमिएनं एका रविवारी त्यांनाही खेळघरात नेलं. निशिगाकीला हे मागाहून कळलं. वडिलांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्याची आपण नक्कल केली, तीही तोंडात घास असताना! तो धावत बाजारात गेला. म्हातारा यंत्राशेजारी काठी टेकून उभा होता. दोन नाण्यांचा खेळ होईपर्यंत हलला नाही. शेवटी म्हणाला,

"गोळी लागलेला माणूस बोंबलत नाही. मी पाहिले ते तरी नाही. दचकतो. मागून कुणी गार हात लावावा तसा. 'अं?' म्हणतो आणि खाली बसतो." मग त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "हा बरोबर दचकलाय."

निशिगाकी नुसता खाली वाकला. बोलला असता तरी त्या गोंगाटात ऐकू गेलं नसतं.

"पण ते कैदी," म्हातारा पुढं म्हणाला, "सोडवल्यावर खिशातून बॉम्ब काढून देतात, ते साफ खोटं. मला सोडलं तेव्हा माझ्याजवळ एक चमचा होता. तोही अर्धा."

तिघं घरी आली. मग म्हाताऱ्यानं सुनेला विचारलं, "त्या पुलाजवळ तू दर वेळी मरतेस. डावीकडून का जात नाहीस?"

'फौलादी पलटण' चालली. उन्हाळ्यापर्यंत जपानभर चार हजार यंत्रं गेली, मग जहाजानं अमेरिकेत, आणि त्याहून जास्त, यंत्राच्या आतल्या सर्किटच्या नकली पाट्या बनून, कुठं कुठं. नक्कल करणाऱ्यांनी आवाज किंचित घोगरा केला होता, बाकी सगळं चोख. तेव्हा गेमच्या शेवटी कर्त्यांची खरी नावं घालत नसत. दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील म्हणून टोपणनावं. इवासा होता 'उशी'. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, 'किंकाळी: ऑक्टोपस'. दोईसाहेबांनी निशिगाकीला मानपत्र आणि एक विजेचा पंखा दिला. पंख्याचा आवाज फार होता.

दोन वर्षांनी दुसरा भाग काढायचं ठरलं. आता चिपमध्ये जागा होती चार सेकंदांची. दोईसाहेब म्हणाले, "निशिगाकी, आता मोकळेपणानं मर." दुपारी बाराला ताकोयाकीचा पहिला पुडा आला. पण ज्याला माहीत आहे की आता भाजायचंय, तो दचकणार कसा? पहिल्या गोळ्याला तो "आह" म्हणाला, दुसऱ्याला "छान आहे" म्हणाला. पाठीमागून झांज वाजवून पाहिली, तर तो वळून म्हणाला, "माफ करा, वाटेत उभा आहे का मी?" अकरावा पुडा संपला तेव्हा संध्याकाळ झाली होती. इवासानं फिती ऐकल्या आणि डोकं धरलं. "साहेब, हा माणूस क्षमा मागून मरतोय." दुसऱ्या भागातही जुनीच किंकाळी घातली. निशिगाकीनं त्यानंतर चार दिवस नुसती पेज घेतली.

पुढं मारामारीच्या गेमची लाट आली. लोकांना बंदूक नको, लाथ हवी झाली. दोईसाहेबांनी लाथांचाही गेम काढला, पण फटीत मुरलेला माणूस, लाथ काही जमली नाही. त्र्याण्णव साली कंपनी बंद झाली. सगळे गेल्यावरही निशिगाकी आठ दिवस जात होता. फळ्या पुसल्या, उरलेल्या सपाता जोडीनं बांधल्या, किल्ल्या स्क्रूवाल्यांच्या हवाली केल्या. नंतर बरीच वर्षं त्यानं एका छापखान्याचं भांडार पाहिलं. वडील गेले, मुलगी चिनात्सु शिकून एका पर्यटन कंपनीत लागली, आणि साठी उलटल्यावर निशिगाकीला पालिकेच्या वतीनं स्थानकाबाहेरचा सायकलतळ सांभाळायचं काम मिळालं. निळी टोपी, बाहीवर पट्टा. वाकड्या सायकली सरळ करायच्या आणि मनाई असलेल्या जागी कुणी लावली तर हटकायचं. हटकलेलं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून तो त्या माणसाच्या समोर जाऊन वाकून उभा राही. लोक ओशाळून सायकल हलवत.

दोन हजार चौदाच्या शरदात चिनात्सुनं घरी फोन केला. "बाबा, मेक्सिकोहून एक गृहस्थ आलेत. इवासाकाकांकडून नाव काढलंय तुमचं. भेटायचं म्हणतायत."

"माझ्याकडे काय आहे?"

"किंकाळी."

गृहस्थांचं नाव एवारिस्तो. चाळिशीचा, खांद्याला भक्कम, धंद्यानं पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. प्वेब्ला शहरात त्याच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात 'फौलादी पलटण' होती, खोकल्याच्या बाटल्यांच्या फळीला चिकटून. तो निशिगाकींच्या बैठकीत गुडघे दुमडून बसला आणि अर्धा तास बोलला. चिनात्सु त्याचं बोलणं जपानीत सांगत गेली. त्यांच्या गल्लीत तो शब्द अजून चालतो म्हणे. फुटबॉलमध्ये गोल हुकला की पोरं ओरडतात, "हुवाप!" परीक्षेत नापास झालेल्याला विचारतात, "काय रे, हुवाप का?" त्याचा धाकटा भाऊ लग्नात वेदीसमोर उभा होता तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच हुवाप म्हणालं आणि पाद्रीबाबासुद्धा हसले.

"ते विचारतायत," चिनात्सु म्हणाली, "की हा जपानी शब्द आहे ना, त्याचा अर्थ काय? त्यांच्याकडे दोन मतं आहेत. काही म्हणतात, 'मातृभूमी'. काही म्हणतात, 'आई'."

निशिगाकीनं बराच विचार केला. एवढ्या लांबून आलेला माणूस. पण खोटं त्याला जमत नसे.

"'गरम'," तो म्हणाला.

"काय म्हणाले?" एवारिस्तोनं विचारलं.

"गरम!" सुमिए ओरडली. "तोंड भाजलं होतं हो यांचं!"

चिनात्सुनं सांगितलं. एवारिस्तो असा हसत सुटला की चहाचा पेला लवंडला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. "माझे वडील औषधाच्या दुकानातून मला कान धरून घरी न्यायचे," तो म्हणाला. "आता ते नाहीत. मरताना 'हुवाप' म्हणाले ते आम्हाला. आम्ही सगळे हसलो. मग गेले." चिनात्सु हे सांगताना मध्येच अडखळली. निशिगाकी उठला, त्यानं फडकं आणून सांडलेला चहा टिपला आणि एवारिस्तोपुढे खाली वाकला. कितीतरी वेळ तसाच राहिला.

त्याच आठवड्यात जुन्या गेमवेड्यांचा मेळावा होता. एवारिस्तोनं आणि इवासानं मिळून निशिगाकीला तिथं नेलंच. तीनशे माणसं. मंचावर माईक हातात दिला. निशिगाकी काहीतरी बोलला. मागचे म्हणाले, "ऐकू येत नाही!" पुढचे म्हणाले, "आम्हालाही नाही!" इवासानं ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला, तेव्हा कर्णे शिट्टी मारायला लागले आणि त्यातून एवढंच आलं: "...सायकली सरळ लावा."

मग कुणीतरी म्हणालं, "खेळून दाखवा!" तेव्हा उघड झालं की अठ्ठावीस वर्षांत निशिगाकी हा गेम एकदाही खेळला नव्हता. त्याला मंचावर आणून ठेवलेल्या जुन्या यंत्रासमोर बसवलं. त्यानं चष्मा पुसला आणि नाणं टाकलं. जवान पडद्याच्या तळाशी उभा राहिला. समोरून पहिला शिपाई धावत आला. निशिगाकीचं बोट बटणावर होतं, पण त्यानं ते दाबलं नाही. जवान थोडा डावीकडे सरकवला, जसं अरुंद बोळात समोरून येणाऱ्याला वाट देतात तसा. शिपाई निघून गेला. दुसराही गेला. सभागृहात कुजबुज झाली. हा म्हातारा कुणालाच मारत नव्हता, वाट देत देत चालला होता. पुलापर्यंत पोचला आणि तिथं त्याला बॉम्ब लागला.

"हुवाऽप्!" यंत्र म्हणालं आणि तीनशे माणसं उठून उभी राहिली.

परत येताना गाडीत सुमिए म्हणाली, "एकालाही नाही मारलंत? अगदी एकालाही?"

"ओळखीचे वाटत होते," निशिगाकी म्हणाला.

त्या दिवसाची चित्रफीत कुणीतरी जगभर पाठवली आणि सायकलतळावर माणसं यायला लागली. ब्राझीलचे दोघे भाऊ, तैवानची एक दंतवैद्य, कोबेचा निवृत्त पोलीस. सगळ्यांची एकच मागणी, एकदा ओरडून दाखवा. निशिगाकी मान हलवून नाही म्हणायचा. पण लांबून आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवणंही त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो त्यांना आपली जादा टोपी द्यायचा आणि सायकलींच्या रांगेकडे बोट दाखवायचा. ते पाहुणेही तासभर राबायचे, हँडल एका दिशेला, मागची चाकं एका रेषेत. मग त्याच्यासोबत छायाचित्र काढून, खूश होऊन जायचे. पालिकेच्या तपासनिसानं वर्षअखेरीस अहवालात लिहिलं की या स्थानकाबाहेरची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, कर्मचाऱ्यांची संख्या कमी करायला हरकत नाही.

सुमिए दुसऱ्याच दिवशी पालिकेत गेली. तिथं तिचा आवाज तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला म्हणतात. निशिगाकीची नोकरी आणखी पाच वर्षं टिकली.